मयताचे चालू दावे : वारस रेकॉर्डवर कोणी, कधी आणि कुठे आणायचे?

वहीखाते

एका मयताच्या मागे राहिलेल्या न्यायालयीन प्रकरणांची यादी लावतो आहे. जाणकारांनी प्रत्येक प्रकरणात काय करायचं ते नेमकं सांगावं.

मृत्यू ४ जुलै २०२५. हिंदू, इच्छापत्र नाही (निदान अजून सापडलेलं नाही). मागे पत्नी, दोन मुलगे, विवाहित मुलगी. मुलगी परदेशात असते. मयताची आई हयात आहे.

१) मयत वादी : वचनचिठ्ठीवर दिलेल्या ८ लाखांच्या वसुलीचा दिवाणी दावा, पुरावा चालू.
२) मयत प्रतिवादी : साठेखतावरून खरेदीदाराने लावलेला करारपूर्तीचा दावा. मयताने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली आहे, सोबत ताबा परत मिळावा म्हणून प्रतिदावाही आहे.
३) मयत अर्जदार : मोटार अपघातातील जखमांच्या भरपाईचा अर्ज. मृत्यू मात्र वेगळ्याच आजाराने.
४) मयत वादी : अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा, अजून निकाल नाही.
५) मयत फिर्यादी : धनादेश न वटल्याची तक्रार, २०२३ ची.
६) मयत हुकूमनामाधारक : जुन्या पैशाच्या हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या निकालाच्या आदेशाची) दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज.
७) एकाला २२ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेतून दिलेली हातउसनी रक्कम, ३ लाख. परतीची मुदत ठरलेली नाही, कसलंही लेखी उत्तर नाही, दावाही लावलेला नाही.

थोरल्या मुलाकडे वडिलांचं नोंदणीकृत मुखत्यारपत्र आहे, तोच तारखांना जातो. वारस रेकॉर्डवर आणायला नव्वद दिवसांची मुदत असते एवढं माहीत आहे. ती सगळ्यांना सारखीच लागू होते का? आणि मयताची देणी निघाली तर ती वारसांच्या खिशातून जातात का?

---

निशाणी_पाच

यादी वरून खाली वाचू नका, खालून वर वाचा. तुमचं सगळं लक्ष नव्वद दिवसांकडे आहे आणि आधी बुडणार आहे ती ७ नंबरची रक्कम, जिच्यावर दावाच नाही.

उसनी दिलेली रक्कम, परतीची मुदत ठरलेली नाही, म्हणून मुदत अधिनियमाप्रमाणे रक्कम दिल्यापासून ३ वर्षं. म्हणजे २२ सप्टेंबर २०२५. एकदा मुदत सुरू झाली की माणूस गेला म्हणून ती थांबत नाही (कलम ९). सुतकाचे दिवस वजा होत नाहीत, वारस दाखला मिळेपर्यंतचे तर नाहीतच. लोक इथेच फसतात : ‘आधी उत्तराधिकार प्रमाणपत्र येऊ दे, मग दावा लावू.’ हे प्रमाणपत्र (मयताचं येणं वसूल करायचा न्यायालयाने वारसांना दिलेला अधिकार) यायला महिने जातात आणि रक्कम मुदतबाह्य होते. प्रमाणपत्राची अट हुकूमनामा होण्याला आहे, दावा दाखल करण्याला नाही. दावा आज लावा, प्रमाणपत्राचा अर्ज समांतर चालू द्या. ऋणकोने २२ तारखेच्या आत सही करून देणं लेखी कबूल केलं, किंवा काही रक्कम चेकने अथवा स्वतःच्या लेखी नोंदीनिशी भरली, तर तिथून नवी ३ वर्षं मिळतात. पण त्याच्या ‘बघतो, देतो’वर विसंबून तारीख घालवू नका.

आता नव्वद दिवसांचा हिशेब. मृत्यूचा दिवस धरायचा नाही. जुलैचे २७, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, झाले ८८. नव्वदावा दिवस २ ऑक्टोबर. गांधी जयंती, २०२५ मध्ये त्याच दिवशी दसरा. न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या पहिल्या दिवशी अर्ज चालतो (कलम ४). पण तोवर थांबायचं कारण काय? मृत्यूचा दाखला हातात आला की पुढच्याच तारखेला अर्ज द्यावा.

अर्ज आला नाही तर दावा मयतापुरता आपोआप संपतो, म्हणजे अ‍ॅबेट होतो. रोजनाम्यात तसा शेरा पडला नाही, न्यायाधीशांनी आदेश केला नाही, तरीही होतो. मग अ‍ॅबेटमेंट रद्द करून घ्यायला पुढचे ६० दिवस. तुमच्या बाबतीत ते १ डिसेंबरला संपतात. त्या ६० दिवसांत दोन मागण्या पुरतात : अ‍ॅबेटमेंट रद्द करा आणि वारस रेकॉर्डवर घ्या. ६० दिवसही गेले की तिसरी जोडावी लागते, मुदत अधिनियमाच्या कलम ५ खाली विलंब माफीची, आणि उशिराचं कारण प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. नुसता वारसांचा अर्ज असेल तर त्यातच अ‍ॅबेटमेंट रद्द करण्याची मागणी अंतर्भूत आहे असं धरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी तिन्ही मागण्या लिहाव्यात. शाई फुकट आहे.

ही मुदत दिवाणी दाव्यांची आणि अपिलांची, म्हणजे तुमच्या यादीत १ आणि २ ची. ६ नंबरच्या दरखास्तीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २२ चे, म्हणजे पक्षकाराच्या मृत्यूबद्दलचे, ते नियम लागूच नाहीत (नियम १२), तिथे अ‍ॅबेट हा प्रकारच नाही. ५ नंबर फौजदारी, तिथलं घड्याळ वेगळं.

---

रोजनामा

निशाणी_पाच यांनी २ नंबर ओझरता सोडला. या यादीतला खरा सापळा तोच आहे.

साधा नियम असा : वादी मेला तर धावायचं वादीच्या वारसांनी (ऑर्डर २२, नियम ३), प्रतिवादी मेला तर धावायचं वादीने (नियम ४). म्हणून प्रतिवादीच्या घरची माणसं निवांत असतात. नाव लावायचं काम खरेदीदाराचं आहे, त्याने नाही लावलं तर त्याचा दावा जाईल, आपल्याला काय! पण इथे मयताने प्रतिदावा केला आहे आणि प्रतिदावा हा कायद्याने वादपत्रासारखाच धरला जातो (ऑर्डर ८, नियम ६-अ). म्हणजे ताबा परत मागण्यापुरते मयत वादी होते आणि तेवढ्यापुरतं धावायचं वारसांनी. खरेदीदाराने वेळेत वारस आणले तर प्रश्न बहुधा मिटतो, कारण एकाच प्रकरणात तीच माणसं रेकॉर्डवर येतात. त्याने नाही आणले तर त्याच्या दाव्याबरोबर तुमचा प्रतिदावाही धोक्यात. त्यामुळे २ नंबरमध्येही वारसांनी स्वतः अर्ज द्यावा.

मृत्यू लपवून काही साधत नाही. नियम १०-अ प्रमाणे पक्षकार मयत झाल्याचं वकिलाला कळलं की न्यायालयाला कळवणं ही त्याचीच जबाबदारी आहे. वकीलपत्र पक्षकाराच्या मृत्यूने संपतं, पण एवढ्या कळवण्यापुरतं ते चालू आहे असं कायदा मानतो. शिवाय वादीला मृत्यूची माहितीच नव्हती, हे विलंब माफ करताना विचारात घ्यायचं कारण म्हणून नियम ४(५) मध्येच लिहिलेलं आहे. लपवणाऱ्याचे डावपेच समोरच्याच्याच कामी येतात.

करारपूर्तीच्या दाव्यात वारस काय म्हणू शकतात यालाही मर्यादा आहे. ते मयताच्या जागी उभे राहतात, म्हणून मयताच्या कैफियतीशी विसंगत भूमिका घेता येत नाही. ‘साठेखत झालं, पण खरेदीदार रक्कम घेऊन तयार नव्हता’ असं मयताने लिहिलं असेल तर मुलगा येऊन ‘साठेखत खोटंच आहे’ म्हणू शकत नाही. ‘जमीन वडिलोपार्जित, त्यात माझा जन्मतः हिस्सा’ असं म्हणायचं असेल तर ती त्याची स्वतःच्या हक्काची भूमिका झाली. ती वारस या नात्याने मांडता येत नाही. त्यासाठी स्वतंत्रपणे पक्षकार व्हावं लागतं, नाहीतर वेगळा दावा.

मुखत्यारपत्राबद्दल : ते ४ जुलैला संपलं. नोंदणीकृत असो, ‘अपरिवर्तनीय’ असं वर ठळक छापलेलं असो. मुखत्याराचं स्वतःचं हित त्या मिळकतीत गुंतलेलं असेल तेवढाच अपवाद, आणि तो वडिलांच्या वतीने तारखांना जाणाऱ्या मुलाला लागू होत नाही. ४ जुलैनंतर थोरल्याने मुखत्यार म्हणून पुरसीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन), तडजोड, प्रतिज्ञापत्र असं काही दिलं असेल तर ते आजच वकिलाला सांगा. आता तो वारस म्हणून येईल, स्वतःच्या नव्या वकीलपत्रावर. बाकीच्या वारसांनी त्याला मुखत्यार नेमायचं असेल तर नवं मुखत्यारपत्र लागेल. मुलगी परदेशात आहे, तिचं तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करून आणावं लागेल आणि इथे आल्यावर मुद्रांकित करून घ्यावं लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून तिच्या सहीसाठी अर्ज अडवू नका. एका वारसाने अर्ज दिला तरी मुदत सांभाळली जाते. जो वारस वादी म्हणून यायला तयार नाही किंवा सही पोहोचवू शकत नाही, त्याला औपचारिक प्रतिवादी करायचं.

---

वहीखाते

प्रतिदाव्याचं खरंच लक्षात आलं नव्हतं. अर्जात नेमकं काय लिहायचं? आणि आईला घ्यायचं का? मुलगे म्हणतात, आजीला कोर्टकचेरीत ओढू नका, ती हक्कसोडपत्र करून देईल.

---

निशाणी_पाच

आजीला घ्यायचंच. हिंदू पुरुष इच्छापत्र न करता गेला की विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे वर्ग एकचे वारस, एकाच वेळी. तुमच्याकडे पाच सारखे हिस्से होतात : पत्नी, दोन मुलगे, मुलगी, आई. अर्जांमध्ये सर्वाधिक गाळली जाणारी नावं दोन : मयताची आई आणि लग्न झालेली मुलगी. हक्कसोडपत्राने मिळकतीतला हिस्सा जातो, मयताचा प्रतिनिधी असणं जात नाही. शिवाय ते पुढे कोणी आव्हानित केलं तर तुमचा हुकूमनामाच लटकतो.

एखादं नाव प्रामाणिकपणे शोध घेऊनही राहून गेलं तर सगळं बुडत नाही. काही वारस रेकॉर्डवर असले आणि त्यात लबाडी नसली तर मिळकतीचं प्रतिनिधित्व झालं असं न्यायालयं धरतात. पण आई घरातच राहत असताना तिचं नाव नाही, याला प्रामाणिक चूक म्हणणं अवघड.

आणखी एक. आजींचं वय झालेलं असणार. उद्या त्या गेल्या तर तिथून पुन्हा नवे ९० दिवस, आणि त्यांचे वारस म्हणजे त्यांची इतर मुलंमुलीसुद्धा, अर्थात मयताची भावंडं. तेव्हा वंशावळ आत्ताच वरपर्यंत काढून ठेवा.

अर्जात : दावा क्रमांक, मयत कितवा वादी वा प्रतिवादी, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, प्रत्येक वारसाचं पूर्ण नाव, वय, धंदा, पत्ता आणि मयताशी नातं, ‘याखेरीज अन्य वारस नाहीत’ हे वाक्य, दाव्याचं कारण वारसांच्या हक्कात टिकतं हे वाक्य, आणि वादपत्राच्या शीर्षकात दुरुस्ती करण्याची परवानगी. सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारसांची वकीलपत्रं. अज्ञान (वय न भरलेला) वारस असेल तर ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून जवळचा पालक, ज्याचं हित त्या अज्ञानाच्या हिताच्या आड येत नाही असा.

अर्ज मंजूर झाला म्हणजे काम संपलं असं समजून घरी जाणारे पुष्कळ. मंजुरीनंतर मूळ वादपत्रात प्रत्यक्ष दुरुस्ती करावी लागते : वादी क्र. १ च्या नावापुढे ‘मयत तर्फे वारस’, खाली १-अ, १-ब, १-क अशी नावं, समासात दुरुस्तीच्या आदेशाची तारीख आणि सही. आदेशात मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत (ऑर्डर ६, नियम १८). हे राहिलं की वर्षभराने कुणीतरी दाखवून देतं की आदेश आहे, पण वादपत्रात अजून मयतच उभा आहे. दुरुस्त वादपत्राची प्रत समोरच्याला द्या आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकारांच्या नावात बदल दिसतो का तेही पाहा.

यादी पूर्ण आहे ना हेही तिथेच तपासा. मयताच्या नावाने शोधताना आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांच्या नावासह आणि नावाविना, आणि नावाच्या स्पेलिंगचे दोनतीन प्रकार घालून बघा. सापडलेल्या प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरअंकी सीएनआर (प्रकरणाचा ओळख) क्रमांक वहीत उतरवा. मयत तिसऱ्याच कुणाच्या वाटपाच्या दाव्यात सतरावा प्रतिवादी असतो आणि घरी कुणालाच पत्ता नसतो. वाटपाच्या दाव्यात एका सहहिस्सेदारापुरतं अ‍ॅबेट झालं तरी सबंध दावा अडकू शकतो, कारण हुकूमनामा अविभाज्य असतो.

---

दाखला_की_प्रमाणपत्र

१, ५, ६, ७ या चारही प्रकरणांत पैसा यायचा आहे, म्हणून भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम २१४ पाठ करा. मयताच्या ऋणकोविरुद्ध वारसाच्या हक्कात पैशाचा हुकूमनामा करायचा किंवा आधीचा हुकूमनामा वारसाच्या अर्जावर बजावायचा, तर उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (इच्छापत्राला न्यायालयाची मान्यता) किंवा प्रशासनपत्र (मयताची मिळकत सांभाळायचा न्यायालयाने दिलेला अधिकार) यांपैकी काहीतरी न्यायालय मागतं. रेकॉर्डवर येण्यासाठी ते लागत नाही. एखाद्या टेबलावर तसं सांगितलं गेलं तर नम्रपणे कलम पुढे ठेवा.

महाराष्ट्रात ‘वारस दाखला’ हा शब्द तीन वेगवेगळ्या कागदांना लावतात, त्यातून घोटाळा होतो. तहसील कार्यालयातून मिळणारा दाखला इथे उपयोगाचा नाही. सातबाऱ्यावर वारसनोंदीचा फेरफार झाला तोही नाही. न्यायालयातून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळणारा वारस दाखला कलम २१४ मध्ये बसतो, पण त्यात ते विशिष्ट येणं नमूद असेल तरच. बहुतेक दाखल्यांत नसतं. म्हणून पैशासाठी सरळ उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावं.

ते मागताना परिशिष्टात प्रत्येक येणं वेगळ्या ओळीत लिहा : ‘अमुक न्यायालयातील दावा क्रमांक अमुक मधील मागणी, मुद्दल रु. ८,००,००० व त्यावरील व्याज’, ‘दरखास्त क्रमांक अमुक’, ‘दि. २२/९/२०२२ रोजी दिलेली उसनवार रु. ३,००,०००’, आणि ५ नंबरच्या धनादेशाची रक्कम. लोक बँकेच्या ठेवी, शेअर्स, पोस्टाची बचत लिहितात आणि चालू दाव्यातली मागणी विसरतात. मग दोन वर्षांनी हुकूमनाम्याच्या वेळी प्रमाणपत्र वाढवून घेण्याचा वेगळा अर्ज (कलम ३७६), पुन्हा मुद्रांक, पुन्हा फेऱ्या. अर्ज मयत जिथे सामान्यतः राहत होते तिथल्या न्यायालयात, दावा जिथे चालू आहे तिथे नव्हे.

शेतजमिनीच्या वापराबद्दल देय असलेला खंड किंवा उत्पन्न असेल तर त्याला ही अट नाही. कलम २१४ मधल्या ‘कर्जा’च्या व्याख्येतून ते वगळलेलं आहे. ही सूट माहीत नसल्याने खंडाच्या वसुलीतही प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालणारे आहेत.

आणि नॉमिनी. मुलाचं नाव बँकेत नॉमिनी आहे म्हणून दाव्यात तोच एकटा वारस, असं होत नाही. नॉमिनी रक्कम हातात घेणारा, मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

---

रोजनामा

राहिलेले ३, ४, ५.

४ सोपा आहे : संपला. १९२५ च्याच उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३०६ प्रमाणे बहुतेक सगळे हक्क माणसामागे टिकतात. अपवाद अब्रुनुकसानी, मारहाण आणि मृत्यूला कारण न झालेल्या वैयक्तिक इजा. निकालाआधी वादी गेला की अब्रुनुकसानीचा दावा त्याच्याबरोबर जातो. दावा मंजूर होऊन भरपाईचा हुकूमनामा झाला असता आणि समोरचा अपिलात गेला असता, तर मात्र ती रक्कम मयताची मिळकत झाली असती आणि वारसांना अपिलात ती राखता आली असती. फेटाळला असता आणि मयत स्वतः अपिलात असते तर अपीलही संपलं असतं. तुमच्याकडे निकालच नाही, तेव्हा मृत्यूची पुरसीस द्या आणि मोकळे व्हा.

३ बद्दल जुन्या माणसांचा सल्ला चुकीचा निघण्याची शक्यता जास्त. जखमी अर्जदार त्या जखमांनी न मरता दुसऱ्याच कारणाने गेला तर अर्ज संपतो की खर्चापुरता टिकतो, यावर बरीच वर्षं वाद घातला जायचा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १६६(५) आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू आहे : मृत्यूचं कारण जखमांशी संबंधित असो वा नसो, भरपाई मागण्याचा हक्क कायदेशीर प्रतिनिधींकडे जातो. अर्जातच हे कलम लिहा, कारण विमा कंपनीचे वकील जुनेच निवाडे दाखवतात. दवाखान्याची मूळ बिलं आणि त्या काळातला उत्पन्नाचा पुरावा एकत्र करा. मयत स्वतः साक्षीला आता येणार नाहीत. त्यांचा उलटतपास झालेला नसेल तर सगळा भार डॉक्टरांच्या साक्षीवर आणि कागदांवर येतो. मृत्यू जखमांमुळेच झाला असं वैद्यकीय कागद दाखवत असतील तर प्रकरण बदलतं. मग अर्ज दुरुस्त करून मृत्यूच्या भरपाईचा करावा लागतो आणि अवलंबितांचा हिशेब येतो. तेव्हा ‘वेगळाच आजार’ हे कोणाचं मत आहे ते मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात एकदा वाचून घ्या.

५ ला नव्वद दिवसांची चैन नाही. पुढची तारीख हीच मुदत. फिर्यादी गैरहजर असला तर दंडाधिकारी आरोपीला निर्दोष सोडू शकतात आणि फिर्यादीच्या मृत्यूमुळे गैरहजेरी असली तरी तेच कलम लागतं : तुमची तक्रार २०२३ ची म्हणून दंड प्रक्रिया संहितेचं कलम २५६. १ जुलै २०२४ पासूनच्या तक्रारींना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २७९. त्या तारखेला वारसाने हजर राहून खटला पुढे चालवण्याची परवानगी मागायची. एकदा निर्दोष सुटका झाली की मग वरच्या न्यायालयात जाणं आलं. उलट प्रकार असता, म्हणजे मयत आरोपी असते, तर खटला संपला असता. वारसांवर धनादेशाचा खटला चालत नाही. पण मूळ देणं राहतं आणि धनको दिवाणी दाव्याने ते मयताच्या मिळकतीतून मागू शकतो.

---

दरखास्तवाला

देण्यांचा प्रश्न कुणी घेतला नाही.

वारसांच्या खिशातून नाही. मयताची जी मिळकत वारसाच्या हाती आली आणि जिची रीतसर विल्हेवाट लागलेली नाही तिच्यापुरतीच दरखास्त चालते (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५० आणि ५२). वारसाचा पगार, त्याचं स्वतःच्या पैशाने घेतलेलं घर सुरक्षित. पण मिळकत हाती आली, विकली, पैसे कुठे गेले हे सांगता येत नाही, अशा वेळी तेवढ्या रकमेपुरता वारस स्वतः जबाबदार धरला जातो. म्हणून आजपासून एक वेगळी वही घाला : काय आलं, काय विकलं, कोणतं देणं कोणत्या तारखेला कोणत्या पावतीवर फेडलं. तुमचं सदस्यनाम पाहता ही वही नीट राहील असं वाटतं.

‘मुलाने बापाचं कर्ज फेडलंच पाहिजे’ हा जुना धार्मिक कर्तव्याचा सिद्धांत ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना लागू नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या दुरुस्त कलम ६(४) ने तो संपवला. त्याआधीचं कर्ज असेल तर वडिलोपार्जित मिळकतीबाबत अजून वाद उरतो.

देणी अनेक आणि मिळकत तोकडी असेल तर आरडाओरडा करणाऱ्याला आधी देऊ नका. निष्पादक (इच्छापत्राने नेमलेला) किंवा प्रशासक (न्यायालयाने नेमलेला) असेल तेव्हाचा क्रम १९२५ च्या अधिनियमात आहे : अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारातला दवाखाना व मृत्यूआधीच्या एका महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च, मग प्रोबेट वा प्रशासनपत्राचा खर्च, मग मजूर, कारागीर, घरगडी यांची मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली मजुरी, मग बाकी सगळ्यांना प्रमाणात. साध्या वारसांनीही हाच क्रम डोळ्यापुढे ठेवला तर उद्या कुणाला बोट दाखवता येणार नाही. गहाण किंवा तारण असलेला धनको आपल्या तारणावर चालतो, तो या रांगेत नाही.

चालू दावा विरुद्ध गेला तर किती रक्कम जाईल याचा अंदाज काढून तेवढी मिळकत वाटून टाकू नका. २ नंबरमध्ये तर जमीनच वादात आहे. ती वारसांनी आपसांत वाटली किंवा विकली तरी घेणारा दाव्याच्या निकालाला बांधील राहतो. करारपूर्तीचा हुकूमनामा झाला तर खरेदीखत पाचही वारसांना करून द्यावं लागेल, नाही दिलं तर न्यायालय करून देईल. आणि हुकूमनाम्यात खरेदीदाराकडून उरलेली रक्कम यायची असेल तर तिच्यातही पाच हिस्से, हे आजींना कुणीतरी सांगा.

६ नंबरमध्ये हुकूमनाम्याची तारीख तपासा. पैशाच्या हुकूमनाम्याला १२ वर्षं. चालू दरखास्तीत वारसांनी नाव लावून पुढे जावं. अ‍ॅबेट होत नाही हे खरं, पण कुणीच हजर राहिलं नाही तर दरखास्त गैरहजेरीत निकाली निघते, आणि मधल्या काळात बारा वर्षं भरली असतील तर नवी लावता येत नाही.

---

वहीखाते

७ नंबरचं वादपत्र उद्या तयार होतंय, पाचही वारस, मुलगी औपचारिक प्रतिवादी. ५ ची तारीख १६ सप्टेंबर आहे, अर्ज घेऊन पत्नी जातील. एकच शंका : मधेच इच्छापत्र निघालं तर? कपाटाची एक किल्ली अजून सापडलेली नाही.

---

निशाणी_पाच

निघालं तर इच्छापत्राने ज्याला दिलं तो किंवा निष्पादक यालाही त्याच अर्जात जोडून घ्या, वारसांना काढू नका. प्रतिनिधी कोण यावर वाद झाला तर न्यायालय नियम ५ खाली चौकशी करून ठरवतं. तो निर्णय त्या दाव्यापुरता असतो. मालकी कोणाची हे त्याने ठरत नाही, त्याचं भांडण वेगळं चालतं. म्हणून धाकट्याचं नाव १-ब वर आणि थोरल्याचं १-अ वर का, यावरून घरात रुसवेफुगवे नकोत. तो फक्त अनुक्रमांक आहे.

१६ तारखेला पत्नींसोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत द्या, झेरॉक्स नको. ती एकच असेल तर आणखी चारपाच आत्ताच काढून ठेवा. प्रत्येक न्यायालय स्वतःच्या फाइलला वेगळी मागतं.